दुसरी उडी

आमचा अण्णा कधी पाठीवर झोपत नसे. उन्हाळ्यात अंगणात अंथरुणं पडली की आम्ही सगळे उताणे, आणि हा माझा थोरला भाऊ एका कडेला पालथा, गालाखाली हात घेऊन. आई म्हणायची, मागल्या जन्मी कासव होता. खरं कारण तालीम होती. पैलवानाची पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, मग तो कितीही ताकदीचा असो. मिसरूड फुटायच्या आधीपासून वस्तादांनी त्याच्या अंगात एकच गोष्ट भिनवली होती: कुणी उचलून फेकलं तर हवेतच वळायचं आणि पोटावर यायचं. दात पडले तर पडू देत. एकदा भाताच्या पिंजराच्या गंजीवरून त्याचा पाय घसरला. खाली मऊ गवत होतं, पाठीवर पडला असता तर काही झालं नसतं. पण तो वरून खाली येईपर्यंत वळला आणि पालथा आदळला. नाक सुजलं. आम्ही पोट धरून हसलो. वस्तादांनी मात्र त्याला शाबासकी दिली.

आम्ही बेळगावजवळच्या मच्छ्याचे. भाताची थोडी शेती, आमचे वडील, आप्पा, तिथं राबायचे, मी बेळगावात कॉलेजला आणि अण्णा तालमीत. घरातलं दूध-तूप आधी त्याला, उरलं तर आम्हाला. याचा मला राग यायचा आणि तो मी बोलून दाखवायचे, कारण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. पण यात्रेच्या मैदानात तो लंगोट लावून उतरला की शाळेच्या गच्चीवरून पहिली आरोळी माझीच असायची. बायकांना मैदानात जागा नव्हती, गच्चीवर होती.

त्या वर्षी चैत्राच्या यात्रेला त्याची जोड ठरली होती निपाणीच्या एका पैलवानाशी. आदल्या वर्षी दोघांची कुस्ती बरोबरीत सुटली होती. आता निकाली ठरली, म्हणजे एकाची पाठ लागेपर्यंत सोडायची नाही. अण्णानं ती मारली तर कोल्हापूरच्या मोठ्या तालमीत त्याला घ्यायचं वस्तादांनी बोलून ठेवलं होतं. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. आई पीठ मळताना तेच, आप्पा बैल धुताना तेच. मी चिडायचे, पण माझीही झोप त्या कुस्तीनंच उडाली होती.

आणि मध्येच सिनेमा आला.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापारी शेठला सिनेमा काढायची हुक्की आली. गोष्ट एवढीच: एक नामांकित नटी असते. गोव्याची चोरटी दारू कणकुंबीच्या जंगलातून आणणाऱ्या टोळीला ती ओळखते आणि पोलिसांना नाव सांगते. टोळी तिच्या जिवावर उठते. मग फौजेतून परतलेला एक मर्द गडी तिचा बॉडीगार्ड होतो आणि शेवटपर्यंत मारामारी करतो. नटीच्या कामाला खरीच नटी आणली होती. आमच्या आईच्या तरुणपणी तिचे सिनेमे चालले होते, आता तिला कामं मिळत नव्हती. हिरो पुण्याकडचा, नाटकातला, गळा चांगला, अंग मात्र काडीचं. छातीला कापूस बांधून कोट घालायचा. कुंपणावरून उडी मारायची म्हटली तरी त्याला आधी घाम फुटायचा.

म्हणून उड्या मारायला, मार द्यायला आणि मार खायला दुसरं अंग हवं होतं. बेळगावच्या आसपासच्या तालमींतून पैलवान बघितले गेले. अण्णाची उंची हिरोएवढी निघाली. बाकी काहीच जुळत नव्हतं. अण्णाचे कान कुस्त्यांनी मोडलेले, मान खांद्यात रुतलेली. डायरेक्टरनं त्याला फिरवून फिरवून बघितलं आणि सांगितलं, कॅमेऱ्याकडं तोंड करायचं नाही. बस, एवढं पाळलं की झालं.

वस्तादांना विचारल्याशिवाय पैलवान पाणीसुद्धा बदलत नाही. अण्णा विचारायला गेला तेव्हा जेवणाचा डबा घेऊन मी बरोबर होते, तालमीच्या दाराबाहेर उभी. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं.

“पडाय लागतंय व्हय रं त्यात?”

“लागतंय म्हणं.”

“पाठीवर?”

अण्णानं मान डोलावली. वस्तादांनी तंबाखू मळायला घेतली.

“पडद्यावर तोंड कुणाचं दिसणार?”

“हिरोचं.”

“तोंड त्याचं आसंल तर पाठबी त्याचीच,” वस्ताद म्हणाले. “जा. पर एक सांगून ठिवतो. तालमीतल्या माणसाच्या देखत पाठ टेकू नको. आपल्या न्हाय, परक्या तालमीतल्याबी न्हाय. चैतात तुला मातीत उतरायचं हाय.”

अण्णानं त्यांच्या पायाला हात लावला. मला तेव्हा हे सगळं पोरकटपणाचं वाटलं. गादीवर पडलेलं कुणी बघितलं म्हणून माणूस हरतो का? पण तालमीच्या दारात उभं राहून हे बोलायची माझीही छाती नव्हती.

घरी वेगळीच गंमत. बॉडीगार्ड म्हणजे काय, आईनं विचारलं. अण्णानं सांगितलं, जिवाला जीव देऊन राखतो तो. आप्पा म्हणाले, “म्हंजे राखणदार. आपल्या शेताची राखण कर म्हटलं तर डोळा लागतोय ह्याचा, आनी नटीची राखण करायला निघालाय.” दुसऱ्या दिवसापासून गावभर तेच. विहिरीवर बायका मला विचारायच्या, तुझा अण्णा नटीच्या राखणीला हाय म्हणं, व्हय गं?

त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. पडद्यावर तो हिरोची पाठ होता, पण पडद्याबाहेर खरोखरच नटीबाईंचा राखणदार झाला. युनिट टिळकवाडीतल्या एका बंगल्यात उतरलं होतं. फाटकाशी सकाळपासून माणसं जमायची, आणि हिरोला कुणी विचारत नसलं तरी बाईंना लोक अजून विचारत होते. शेठनं अण्णालाच सांगितलं, बाई बाहेर पडल्या की तू पुढं चाल. तो चालायचा. कुणाला ढकलायचा नाही, नुसते कोपर थोडे बाहेर काढून हळूहळू पुढं सरकायचा, आणि माणसं आपोआप बाजूला व्हायची. बाई त्याच्या मागून. त्या त्याला पैलवान म्हणायच्या. जेवताना तो व्हरांड्यात बसायचा, आत बोलावलं तरी जायचा नाही. मी म्हटलं, “सिनेमा संपला की तू कोण तिचा?” तर म्हणाला, “संपंपर्यंत तर हाय की.”

मीही त्या युनिटमध्ये शिरले, तेही त्याच्याच जोरावर. शेठचं डोकं धंद्याचं. एकाच खर्चात दोन सिनेमे करायचे होते त्याला, एक मराठी, कोल्हापूरकडं लावायला, आणि एक कन्नड, हुबळी-धारवाडकडं लावायला. त्यामुळं बोलण्याचा प्रत्येक प्रसंग दोनदा व्हायचा. आधी मराठीत रडायचं, मग डोळे पुसून, पावडर लावून तेच कन्नडमध्ये रडायचं. बाईंना कन्नडचा गंध नव्हता. त्यांना शेजारी बसून शब्द पढवणारी बाईमाणूस हवी होती. अण्णानं माझं नाव सांगितलं. आप्पांनी सोडलं ते एवढ्याच बोलीवर, की अण्णा असेल तिथंच मी असणार. म्हणजे तो माझाही राखणदारच.

बाई हुशार होत्या. पण कन्नडमधला आखूड ‘ए’ उच्चारताना त्यांची मान तिरकी व्हायची, आणि मला हसू आवरायचं नाही. त्याही हसायच्या. अण्णा लांबून बघायचा. एकदा म्हणाला, “तुमाला सगळं दोनदा करायला लागतंय. माझं बरं हाय. माझ्या कामाला भाषा लागत न्हाय.”

खरंच होतं ते. मारामारीचे प्रसंग एकदाच घ्यायचे, दोन्ही सिनेमांत तेच लागायचे. कणकुंबीकडच्या जंगलात तो झाडावरून उतरला, नाल्यात लोळला, जीपच्या मागं लटकला. सगळं एकेकदा. पाठीवर पडायचा प्रसंग अजून यायचा होता. तो निपाणीत होता.

शेठची वखार निपाणीत बाजाराच्या मागच्या अंगाला होती. एरवी तिथं बायका दिवसभर तंबाखू निवडत बसायच्या. शूटिंगसाठी दोन दिवस काम बंद ठेवलं होतं, तरी आत पाय टाकला की शिंका थांबायच्या नाहीत. प्रसंग असा: टोळीनं नटीला वखारीत कोंडलेलं असतं. बॉडीगार्ड तिला सोडवून बाहेर काढतो, आणि मागून गुंड येतात तेव्हा माळ्याच्या खिडकीतून खाली अंगणात उडी टाकतो. खाली अंगणात फरशी होती. तीवर तंबाखूच्या काड्यांनी भरलेली पोती रचून वर वाकळा पसरल्या. मुंबईहून आलेल्या फाईट मास्टरनं अण्णाला दोन दिवस शिकवलं होतं: मान आत घ्यायची, हात पसरायचे आणि पूर्ण पाठ एकदम टेकवायची. पोटावर आलास तर फासळ्या जातील. अण्णाला हे शिकणं किती जड गेलं ते मी बघितलं होतं. गवतावर सराव करताना सुरुवातीला तो दर वेळी वळायचा. फाईट मास्टर कपाळाला हात लावायचा.

सकाळी उडी झाली तेव्हा वखारीचं मोठं फाटक बंद होतं. आत फक्त युनिटची माणसं. अण्णानं खिडकीत उभं राहून आधी भिंतीकडं, मग फाटकाकडं बघितलं. कुणी नव्हतं. मग त्यानं उडी टाकली. पाठ पोत्यांवर पडली, तंबाखूची धूळ उठली आणि त्या धुळीत तो एकदम उठून बसला, शिंकत आणि हसत. मला त्याचं ते हसणं अजून दिसतं. पाठ टेकली होती आणि आभाळ कोसळलं नव्हतं, याचंच त्याला नवल वाटत असावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, “पैलवान, जिवंत आहात ना?” तो म्हणाला, “हाय की.”

दिवे उतरवायला लागले, तेवढ्यात शेठ बाहेरून आला. डायरेक्टरनं त्याला कॅमेरा कुठून कुठं बघत होता ते दाखवलं. शेठ वर बघत राहिला.

“हे कन्नडमधी कसं चालंल?”

“याला भाषा नाही, शेठ. उडी आहे.”

शेठनं बोट केलं. खिडकीच्या बरोबर खाली वखारीची पाटी होती, मोठ्या अक्षरात, मराठी. उडी मारणारा माणूस त्या पाटीवरून खाली येत होता.

आता बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण कर्नाटकात गेलेल्या आमच्या मराठी भागात त्या वर्षांत पाटी म्हणजे नुसती पाटी नव्हती. पाटीवरची अक्षरं कुणाची, यावरून बाजार बंद पडायचे, दगड उडायचे, माणसं तुरुंगात जायची. धारवाडला पडद्यावर मराठी पाटी दिसली तर पडदा फाडतील, असं शेठला वाटलं. मला विचाराल तर कुणी फाडला नसता. पण मला कुणी विचारलं नाही. शेठनं बाजारातल्या पेंटरकडं माणूस पाठवला. कन्नड पाटी रंगवून आणायची, तासाभरासाठी लावायची आणि उडी पुन्हा घ्यायची.

पेंटरनं पाटी रंगवली. रंग ओला, म्हणून ती आडवी धरून दोन माणसं भर बाजारातून चालत आली. निपाणीच्या बाजारातून, उघडी, कन्नड पाटी. वखारीपर्यंत पोचायच्या आधीच गावात बातमी पोचली होती की शेठ पाटी बदलायलाय. दुकानदार फळ्या टाकून निघाले. आम्ही आत पाटी बांधत होतो, तोवर फाटकावर धक्के बसायला लागले. फाटक उघडलं तेव्हा पुढच्या काही जणांच्या हातात दगड होते.

मॅनेजर ओरडून सांगत होता, सिनेमा हाय, सिनेमा हाय. कुणी ऐकेना. शेवटी बाई पुढं आल्या, हात जोडून उभ्या राहिल्या. अण्णा त्यांच्यापुढं. हिरोच्या कोटासारखाच कोट अंगात, चेहरा घामेजलेला. बाईंना बघितल्यावर लोकांचा राग कुठल्या कुठं गेला. दगड खाली पडले. कुणीतरी शिट्टी मारली, मग हशा पिकला. पण घरी मात्र कुणी जाईना. शूटिंग फुकट बघायला मिळतंय तर कोण जाईल? भिंतीवर, झाडावर, शेजारच्या छपरावर माणसं चढून बसली.

अण्णा माझ्याजवळ आला. आवाज एकदम खाली.

“ते आलेत.”

“कोण?”

त्यानं हनुवटीनं भिंतीकडं दाखवलं. निपाणीची तालीम त्याच गल्लीत होती, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. भिंतीवर तालमीचे गडी ओळीनं बसले होते आणि मधोमध तो. अण्णाची जोड. त्यानं अण्णाला ओळखून हात वर केला. अण्णानंही केला.

“नको म्हण की,” मी म्हटलं. “चैतापर्यंत थांबा म्हणावं.”

तो फाईट मास्टरकडं गेला. लोकांना बाहेर काढा, मग मारतो, म्हणाला. फाईट मास्टरला कारण सांगितलं असतं तरी कळलं नसतं. तो म्हणाला, पब्लिक आहे तर चांगलंच आहे, टाळ्या पडतील. डायरेक्टर म्हणाला, आता यांना बाहेर काढायला गेलो तर पुन्हा दगड उचलतील. तेही खरं होतं. ऊन उतरत होतं. बाईंची गाडी फाटकात उभी होती, त्यांना बेळगावला परतायचं होतं. सगळे अण्णाकडं बघत उभे राहिले, जणू काही उशीर त्याच्यामुळंच होतोय. मला त्या सगळ्यांचा संताप आला. अण्णा मला म्हणाला, “एकच तर हाय. मारून टाकतो,” आणि माळ्यावर चढला.

मी खालून बघत होते. त्यानं भिंतीकडं बघितलं नाही, हे मला आठवतं. सकाळसारखाच हात पसरून तो बाहेर पडला, पाठ खाली, छाती वर. आणि मग अर्ध्यात त्याचा खांदा वळताना मला दिसला. गंजीवरून पडताना वळला होता तसाच. वळण्याच्या जोरात तो पोत्यांच्या कडेवर गेला आणि तिथून फरशीवर, उजव्या खांद्यावर. त्या पडण्याचा आवाज मी कधी विसरले नाही.

तो पालथा पडला होता. कोटाच्या पाठीवर धुळीचा कण नव्हता.

पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. मग तो उठेना हे कळल्यावर सगळं अंगण त्याच्याकडं धावलं. भिंतीवरून माणसं उड्या टाकू लागली. त्या रेट्यात बाई ढकलल्या गेल्या, त्यांचा पदर कुणाच्या तरी पायाखाली आला. मी अण्णाजवळ गुडघ्यावर बसले होते. दात आवळून तो म्हणाला, “बाईंना आधी गाडीत घाला.”

युनिटकडं त्या दिवशी एकच गाडी होती. मॅनेजरनं बाईंना धरून गाडीत घातलं आणि गाडी गेली. कुणी म्हणालंही नाही की जरा थांबा. सांगणाराच अंगरक्षक, मग कोण थांबणार? आज इतक्या वर्षांनी माझा राग कुणावर आहे असं विचाराल तर शेठवर आहे, डायरेक्टरवर आहे, पण सगळ्यांत जास्त त्या एका वाक्यावर आहे.

त्याला उचललं ते त्याच्या जोडीनं. भिंतीवरून उतरून तो गर्दी सारत आला, अण्णाला पाठीवर घेतलं आणि सरळ आपल्या तालमीत घेऊन गेला. पैलवानाचा सांधा निखळला तर वस्तादच बसवतो, तशीच रीत. तिथल्या वस्तादांनी तेल लावून खांदा ओढला, सांधा आत बसला. सगळे म्हणाले, बसला. मीही मानलं. टेम्पोत घालून आम्ही त्याला मच्छ्याला आणला. आत हाडही गेलंय हे कुणाला कळलं नाही. हात काळानिळा पडला तेव्हा बेळगावला दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, लगेच आणायला हवा होता.

छातीपासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. त्या वर्षी अण्णा पहिल्यांदा पाठीवर झोपला. कुशीवर वळता येत नव्हतं, पालथं पडता येत नव्हतं. आढ्याकडं डोळे लावून पडून राहायचा. आई त्याच्याकडं बघायची नाही, त्या बाजूनं गेली तरी मान फिरवून जायची.

एकदा मी विचारलं, “पाठीवर पडायचं ठरलं होतं ना तुझं?”

“ठरलंच होतं,” तो म्हणाला. “वस्तादांचा शब्द मोडायचा आसं मनाशी पक्कं करूनच चढलतो. अंगानं ऐकलं न्हाय.”

बाई मुंबईला परत जायच्या आधी त्याला बघायला आल्या. मच्छ्यात, आमच्या घरी. सगळा गाव दारात लोटला. त्या आमच्या बाजेच्या कडेला टेकल्या, आईचा हात हातात घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. मी त्यांचं खोटं रडणं दोन भाषांत बघितलं होतं, मला फरक कळत होता. पण दारातली माणसं आत घुसायला लागली, तेव्हा अण्णा उठला. प्लास्टर घातलेला, पांढराफटक पडलेला, भिंतीला धरून दारात जाऊन उभा राहिला. डाव्या हाताचा कोपर थोडा बाहेर काढला आणि म्हणाला, “सरका मागं. बाईंना श्वास घेऊ दे.” मला वाटलं, ओढून त्याला खाली बसवावं. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, “ऱ्हाऊ दे. करू दे त्याला.”

चैत्राची यात्रा झाली. निपाणीच्या पैलवानाला दुसरी जोड दिली होती, ती त्यानं घेतली नाही. आमच्या घरी आला, चहा प्याला, अण्णाशेजारी बसला. मैदानातल्या हलगीचा आवाज घरापर्यंत येत होता. जाताना म्हणाला, “मी नसतो आलो भिंतीवर, तर बरं झालं असतं.” अण्णा म्हणाला, “तू कशाला मनाला लावून घेतोस रं.” प्लास्टर निघालं, पण उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. वस्ताद घरी येऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. तालमीत परत घेणार न्हाय असं म्हणायची पाळीच आली नाही. काही दिवसांनी मच्छ्याच्या कारखान्यांच्या भागात त्याला वॉचमनचं काम लागलं. आप्पांनी या खेपेला राखणदाराची चेष्टा केली नाही.

सिनेमा लागला तो बऱ्याच उशिरानं, बेळगावात, दुपारच्या खेळाला. अण्णा जायला तयार नव्हता. हट्ट आईचा. तिला सिनेमाचं काही कौतुक नव्हतं. ती म्हणाली, “माझ्या पोराचा हात कशात गेला ते मला बघायचं हाय.” आम्ही तिघं गेलो. थिएटर अर्धं रिकामं. आई मधे, तिच्या उजव्या बाजूला अण्णा, डावीकडं मी.

मारामारी आली की पुढच्या बाकांवरची पोरं शिट्ट्या मारत होती. अण्णा दिसायचा, पण तोंड नसलेला. मी आईला सांगायचे, हा अण्णा, हा हिरो, हा अण्णा. ती मान डोलवायची. मग वखार आली. माळ्याची खिडकी, खाली पाटी. आईनं अण्णाचा हात घट्ट धरला. पडद्यावर कोटातला माणूस हात पसरून खाली आला, पाठ पोत्यांवर आपटली आणि धूळ उठली. सगळं थिएटर ओरडलं. आईनं डोळे मिटून घेतले होते.

मी पाटी बघितली होती. मराठी होती.

धुळीतून अण्णा उठायला लागला, क्षणभर त्याचा मोडका कान आणि हसरा गाल दिसला, आणि पुढच्या क्षणी तिथं हिरो उभा होता, कोट झटकत.

“आई, डोळं उघड,” अण्णा म्हणाला. “ही पैली उडी. ह्यात मला काय झालं न्हाय. बघ, उठलो की.”

आई डोळे पुसून सावरून बसली. त्यानंतर तिनं एकदाही पडद्यावरून नजर हलवली नाही. नटीचं गाणं झालं, टोळीचा म्होरक्या पकडला गेला, हिरोनं नटीला घरी पोचवलं, पडद्यावर ‘समाप्त’ आलं. दिवे लागले. माणसं उठून गेली. आई जागची हलली नाही.

“चल गं,” मी म्हटलं.

“थांब की. दुसरी उडी यायची हाय अजून.”

अण्णानं माझ्याकडं बघितलं. कन्नड सिनेमा अर्ध्यातच राहिला होता. बाई परत आल्या नाहीत, शेठचा उत्साह मावळला, ती रिळं कुठं पडली कुणाला ठाऊक नव्हतं. हे आम्हा दोघांना आधीपासून माहीत होतं. आईला सांगायचं मात्र दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं, किंवा आम्ही ते टाळलं होतं.

“ती ह्यात न्हाय, आई,” अण्णा म्हणाला. “ती कन्नडसाठी घेतलती. त्यो शिनिमा झालाच न्हाय.”

आई रिकाम्या पडद्याकडं बघत होती. झाडणारा माणूस पुढच्या रांगेपर्यंत आला होता. अण्णानं तिला उठवायला डावा हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याला विचारलं,

“मग ह्यो कशात मोडला रं?”